लेकीला कॉलेजात जिम्नॅस्टिक्स करायचंय. नववीपासून काय तयारी करावी? (अमेरिका)

सोनचाफा | ९ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आम्ही न्यू जर्सीत. लेक यंदा नववीत गेली, इथल्या भाषेत फ्रेशमन. चौथ्या वर्षी, शेजारची जाते म्हणून जिमला घातली होती, ती आता लेव्हल ९ ला आहे (एकूण दहा). आठवड्याला बावीस तास. शाळेतून परस्पर जिम, गाडीतच डबा, रात्री साडेआठला घर, मग गृहपाठ. रविवारची मराठी शाळा दोन वर्षांपूर्वी सुटली. गाडीच्या मागच्या सीटवर कायम चॉकची पांढरी पावडर, धुवून जात नाही.

परवा जेवताना तिने जाहीर केलं की तिला कॉलेजच्या टीममध्ये जायचंय. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याचं म्हणणं, आता हे आवरतं घ्यावं आणि एसएटी, रोबोटिक्सकडे वळावं, ऑलिंपिकला थोडीच जायचंय. माझं मत डळमळीत. तिचे तळहात बघितले की नवऱ्याचं पटतं. बारवर कातडी सोलवटते, मग दोन-दोन दिवस वरणभातही चमच्याने खाते आणि लिंबू पिळायला मला बोलावते. पण ती बीमवर उभी राहिली की काही सांगायची हिंमत होत नाही.

तर विचारायचं असं की कोच लोक नक्की कधीपासून बघायला लागतात? आम्हाला उशीर झालाय का? ईमेल तिने करायचे की आम्ही? लेव्हल १० झालीच नाही तर सगळं पाण्यात का? आणि स्कॉलरशिप खरंच मिळते की ती नुसती लोणकढी आहे?

जिलबी_मास्तर | ९ सप्टेंबर

पहिला नंबर माझा. मला कोलांटी उडी एकाच बाजूला येते, तीही उतारावर. तरी वाचणार. वाचनखूण साठवली आहे.

बाराबंदी | ९ सप्टेंबर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. आमच्याकडे पुण्यात पोरं दहावी-बारावीला क्रीडागुण मिळावेत म्हणून तीन वर्षं मैदानावर घाम गाळतात आणि निकाल लागला की बूट माळ्यावर. तिथं निदान ते हिशोबाने तरी होतं. तुमच्याकडे आठवड्याला बावीस तास, आणि हाती काय? बावीस वर्षांची झाली की खेळ संपला. गुडघे मात्र ऐंशी वर्षांपर्यंत वापरायचे असतात.

आडवाटेचा_प्रवासी | १० सप्टेंबर

सोनचाफा, उशीर अजिबात झालेला नाही. उलट तुम्ही बरोबर वेळेला विचारताय. आम्ही डॅलसजवळ राहतो, थोरली सध्या एका डिव्हिजन १ (कॉलेजच्या खेळातल्या तीन स्तरांपैकी सगळ्यात वरचा) टीममध्ये वॉक-ऑन आहे, म्हणजे टीममध्ये घेतलं पण खेळासाठी पैसे नाहीत. चार वर्षं ठेचा खाल्ल्या, त्यातलं कामाचं सांगतो.

दहावी संपल्यावरचा १५ जून हा दिवस लक्षात ठेवा. त्याआधी डिव्हिजन १ चे कोच मुलीशी भरतीबद्दल बोलू शकत नाहीत, तिच्या ईमेलला वैयक्तिक उत्तरही देऊ शकत नाहीत. फार तर प्रश्नावली नाहीतर कॅम्पचं माहितीपत्रक पाठवतील. तुमच्या लेकीसाठी ती तारीख १५ जून २०२७. कॉलेजच्या भेटीगाठी त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून. हा नियम २०१९ मध्ये आला. त्याआधी आठवी-नववीतल्या मुली तोंडी 'कमिट' व्हायच्या, दात पडायचे थांबले की कॉलेज ठरलं असा प्रकार होता.

पण तुमच्या बाजूने पत्रं पाठवायला बंदी नाही. ते वाचतात, नोंद ठेवतात, फक्त गप्प बसतात. ईमेल मुलीनेच लिहायचा. बापाने लिहिलेला ईमेल कोचला लांबूनच वास येतो (अनुभव आहे, माझाच होता). विषयात नाव, पदवीचं वर्ष (म्हणजे बारावी संपेल ते), लेव्हल, क्लबचं नाव. आत चार ओळी, शाळेतले मार्क, आणि व्हिडिओची एकच लिंक. व्हिडिओला गाणंबिणं लावू नका, दोन मिनिटांत नवीन स्किल्स आणि सरावातलं एखादं पूर्ण रूटीन दिसलं पाहिजे. आणि कृपा करून कॉपी-पेस्ट करताना कॉलेजचं नाव बदला. आमच्या मुलीने एका कोचला 'तुमच्या टीमची मी लहानपणापासून चाहती आहे' असं लिहिलं, टीम दुसऱ्याच कॉलेजची.

आता ते बघतात काय. आम्ही दोन वर्षं अवघड स्किल्सच्या मागे लागलो होतो, तिथेच फसलो. कॉलेजच्या मीटमध्ये (स्पर्धेत) प्रत्येक उपकरणावर सहा मुली उतरतात, त्यातले पाच गुण धरतात. म्हणजे कोचला सहा भरवशाच्या मुली हव्या असतात. चारही उपकरणांवर (व्हॉल्ट, बार, बीम, फ्लोअर) ९.५ आणणारीपेक्षा फक्त बार आणि बीमवर डोळे मिटून ९.८५ देणारी त्यांच्या जास्त कामाची. ताणलेले पाय, टोकदार पंजे, न वाकणारे गुडघे, आणि उतरल्यावर पाऊल न हलणं. व्हॉल्टवर युरचेन्को फुलची (पाठमोरी उडी, हवेत एक पूर्ण वळण) कमाल किंमत ९.९५ आणि दीड वळणाची १०. पण दीड वळण घेऊन दोन पावलं पुढे पळणारीपेक्षा फुल टाकून खिळ्यासारखी उभी राहणारी परवडते. लेकीला सांगा, तिच्या आत्ताच्या लेव्हल ९ च्या रूटीनमधल्या बारीकसारीक गुणकपाती मोजून काढ. तीच खरी तयारी.

पैशांचं नंतर लिहितो, मीटिंग सुरू झाली.

कोकणकडा | १० सप्टेंबर

मी फिजिओथेरपिस्ट, ओहायोत. माझ्याकडे दर आठवड्याला दोन-तीन जिम्नॅस्ट मुली येतात, म्हणून बाराबंदींना पूर्ण खोडत नाही. पण गुडघ्यांआधी बाकीचं बघा. या वयात टाच आणि मनगट, कारण हाडांची वाढ व्हायच्या जागा तिथे उघड्या असतात. आणि कंबर. मागे वाकताना एका बाजूला दुखतं आणि दोन-तीन आठवडे हटत नाही असं असेल तर 'स्नायू आखडला असेल' म्हणून मूव्ह लावून सोडून देऊ नका, मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर निघू शकतो. त्यात महिनोन्महिने विश्रांती लागते, आणि लवकर सापडला तर भरून येतो.

दुसरं, खाणं. तासांच्या मानाने या मुली फार कमी खातात. शाकाहारी घरातल्या मुलींचं लोह तपासून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा). पाळी तीन-चार महिने आलीच नाही तर 'खेळाडूंचं असंच असतं' हे वाक्य जिममधल्या दुसऱ्या आयांकडून हमखास ऐकाल. ते खोटं आहे. डॉक्टरकडे जा.

सगळ्यात महत्त्वाचं, तिचा कोच तिच्या वजनाबद्दल बोलतो का ते विचारा. थेट नाही सांगणार, गाडीत विचारा, डोळ्यांत न बघता. मुली गाडीत बोलतात.

तिखटमीठ | १० सप्टेंबर

कोकणकडा, शेवटच्या ओळीला +१००.

आमची गोष्ट वेगळ्या दिशेने गेली म्हणून लिहिते. लेक लेव्हल ९, सगळं छान. दहावीत असताना एक दिवस बीमवरची बॅक हँडस्प्रिंग (मागे हातांवर जायची उडी) जाईना. जी तिने हजारो वेळा केली होती तीच. हात वर करून उभी राहायची, गुडघे वाकवायची, आणि थांबायची. पुन्हा, पुन्हा. मी काचेच्या पलीकडे बसून मनात ढकलत होते. टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने हवेतलं भान सुटतं म्हणून माघार घेतली तेव्हा लोकांनी काय काय लिहिलं होतं, ते मी वाचलेलं असल्यामुळे मला लेकीला एक शब्द बोलवला नाही.

क्लबमध्ये मात्र 'ढोंग करते' म्हणाले. सात महिने असेच गेले. अकरावीच्या सुरुवातीला तिने स्वतः सोडलं. आठवडाभर झोपली, जेवली, आणि मग एका मैत्रिणीबरोबर डायव्हिंगला गेली. हवेत आपण कुठे आहोत हे जिम्नॅस्टला कळतं, तेवढं भांडवल पुरलं. सध्या शाळेच्या टीममध्ये डायव्हिंग करते आणि हसते. तिची लिओटार्डची पिशवी मी अजून टाकलेली नाही, ती मला टाक म्हणते.

सोनचाफा, तिला घाबरवत नाही. फक्त 'सोडलं तरी चालेल' हे वाक्य घरात एकदा तरी मोठ्याने म्हणून ठेवा.

बाराबंदी | १० सप्टेंबर

तिखटमीठ, वाचून गप्प झालो. माझं 'हाती काय' थोडं मागे घेतो. थोडंच.

दादरकर_दोरीवर | ११ सप्टेंबर

अवांतर पण राहवत नाही. आमच्या वेळी शिवाजी पार्कला मल्लखांब करताना तळहाताला पावडर नव्हे, खांबालाच एरंडेल. अंगाला तो वास, लोकलमध्ये शेजारचा माणूस सरकून बसायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी हा खांब पुन्हा उभा केला, त्यांना कोणी स्कॉलरशिप विचारली नसावी.

गंमत बाजूला. माझा भाचा न्यू जर्सीत मल्लखांब शिकतो, तिथे आपल्या लोकांनी वर्ग चालवलेत. त्याच्या वर्गात जिममधून आलेल्या दोन मुली आहेत. पोटाची आणि खांद्याची ताकद बघून आमचे जुने लोक चाट. प्रश्न असा की कॉलेजच्या अर्जात मल्लखांब लिहिला तर चालतो का?

जिलबी_मास्तर | ११ सप्टेंबर

अर्जात चालतो, मीटमध्ये नाही. बारला एरंडेल लावून बघा, अंपायर थेट हवेत.

आडवाटेचा_प्रवासी | ११ सप्टेंबर

मल्लखांब निबंधात लिहा हो, कोच नाही पण प्रवेशवाले वाचतात.

राहिलेलं पैशांचं. कालपर्यंतचं गणित असं होतं: डिव्हिजन १ च्या मुलींच्या टीमला बारा स्कॉलरशिप, आणि त्या पूर्णच द्यायच्या, तुकडे करता येत नसत. बाकी मुली वॉक-ऑन, कितीही. या जूनमध्ये कोर्टाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातला मोठा समझोता मंजूर केला आणि यंदापासून खेळ बदलला. ज्या कॉलेजांनी तो स्वीकारला तिथे बाराची मर्यादा गेली, पण टीममध्ये जास्तीत जास्त वीस मुली. स्कॉलरशिप तुकड्यांत देता येते. ऐकायला बरं वाटतं, पण आमच्या मुलीसारख्यांवर कुऱ्हाड आली. पूर्वी पंचविसावी मुलगी कोपऱ्यात सराव करत राहायची, आता एकविसावीलाही जागा नाही. 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' (मुलीला आणि कॉलेजला बांधून घेणारं सहीचं पत्र) प्रकरणही गेल्या वर्षीच बंद झालं. आता आर्थिक मदतीचा करार लेखी येतो, तोपर्यंत सगळं तोंडी. तोंडी म्हणजे लग्नात 'पुढच्या रविवारी या जेवायला' म्हणतात तसं.

टीम्स किती? मुलींच्या तिन्ही डिव्हिजन मिळून ऐंशीच्या आसपास. बास. आमच्या टेक्सासची गंमत ऐका. देशातले नावाजलेले क्लब इथे, ऑलिंपिकवाल्या मुली इथल्या, आणि कॉलेजची टीम अख्ख्या राज्यात एक, डेंटनची टेक्सास वुमन्स. यूटी ऑस्टिनला फुटबॉलसाठी लाखभर माणसांचं स्टेडियम आहे, पण बीम नाही. त्यामुळे इथल्या मुली ओक्लाहोमाच्या नाहीतर लुईझियानाच्या बसमध्ये. तुम्ही पूर्वेला आहात, रटगर्स दारात, टेंपल, पेन, मेरीलँड, पिट, टाउसन हाकेच्या अंतरावर.

शून्यमनस्क | ११ सप्टेंबर

आम्ही एच-फोर (वर्क व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांनी काय करायचं? ग्रीनकार्डची रांग आमच्या नातवंडांपर्यंत जाईल. मुलगी लेव्हल १०, दहावीत.

आडवाटेचा_प्रवासी | ११ सप्टेंबर

स्कॉलरशिपला नागरिकत्व लागत नाही, कितीतरी टीम्समध्ये परदेशी मुली आहेत. अडचण दोन ठिकाणी. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून घ्यायचा. आणि २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, ते विद्यार्थी व्हिसावर फार नाजूक प्रकरण आहे. एखाद्या दुकानाने फुकट बूट दिले तरी आधी वकिलाला विचारा. राज्यातली कमी फी एच-फोरला लागू होते का हे राज्याराज्यावर आहे.

ठाण्याची_मावशी | १२ सप्टेंबर

भाची ठाण्यात रिदमिक करते, रिबन-चेंडूवालं. तिलाही असं अमेरिकेत जाता येईल का?

आडवाटेचा_प्रवासी | १२ सप्टेंबर

कॉलेजांच्या त्या स्पर्धेत रिदमिक नाहीच. फक्त आर्टिस्टिक.

दोन_पोरांची_आई | १२ सप्टेंबर

आणि मुलांचं? माझा दिवटा पॉमेल हॉर्सवरून उतरत नाही.

कोकणकडा | १२ सप्टेंबर

मुलांच्या टीम्स सगळ्या मिळून पंधराच्या घरात. स्टॅनफर्ड, ओक्लाहोमा, मिशिगन, नेब्रास्का, इलिनॉय, पेन स्टेट, आमची ओहायो स्टेट, सैन्याच्या अकादम्या वगैरे. मिनेसोटा आणि आयोवाने २०२१ च्या हंगामानंतर बंदच केल्या. ओहायो स्टेटचं नाव निघालं म्हणून, राज भावसार इथलाच, २००८ ला बीजिंगमध्ये अमेरिकेच्या टीमबरोबर ब्राँझ. आणि मुलींत मोहिनी भारद्वाज, यूसीएलए, २००४ ला अथेन्सच्या रौप्यविजेत्या टीमची कर्णधार. सोनचाफाच्या यजमानांना ही दोन नावं जेवताना सांगा.

जिलबी_मास्तर | १२ सप्टेंबर

जेवताना नको, परत घास अडकेल.

वेणी_घट्ट | १४ सप्टेंबर

नमस्कार. आईने हा धागा पाठवला आणि लिहायलाच लावलं. माझं मराठी लिहिणं चुकलं तर सांभाळून घ्या, बोलते बरी.

मी विस्कॉन्सिनमध्ये डिव्हिजन ३ टीममध्ये चार वर्षं होते. मी लेव्हल १० कधी झालेच नाही. ९ वरच शाळा संपली. तर 'लेव्हल १० नाही तर पाण्यात' हे खरं नाही. डिव्हिजन १ साठी जवळजवळ लागतेच, पण डिव्हिजन ३ मध्ये माझ्यासारख्या बऱ्याच होत्या. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, अभ्यासाची असते. मला मार्कांमुळे जे मिळालं ते माझ्या डिव्हिजन २ मधल्या मैत्रिणीच्या अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त होतं. म्हणून काकांना (सोनचाफा मावशींचे मिस्टर) सांगा, एसएटीचा अभ्यास आणि जिम एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. येल, ब्राउन, कॉर्नेल, पेन इथे टीम्स आहेत, तिथेही खेळाचे पैसे नाहीत, पण कोचला तुम्ही हव्या असाल तर प्रवेशाला मदत होते. त्यासाठी मार्क आधी लागतात.

मी कॅम्पला तीन ठिकाणी गेले. एका ठिकाणी बीमवरून चार वेळा पडले आणि मला वाटलं संपलं. नंतर त्याच कोचने मला घेतलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, तू पडल्यावर दर वेळी आधी मॅट सरळ केलीस आणि मग वर चढलीस. मला आठवतही नव्हतं. आमच्या क्लबमध्ये ती सवयच होती, नाहीतर ओरडा बसायचा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा मुलींबरोबर जेवा, कोचबरोबर नाही. कोचसमोर सगळ्या छान बोलतात. मी विचारायचे, गेल्या वर्षी कोणाला दुखापत झाली आणि ती आता कुठे आहे? एका कॉलेजमध्ये कोणालाच त्या मुलीचा ठावठिकाणा माहीत नव्हता. तिथे मी गेले नाही. दुसऱ्या वर्षी फ्लोअरवर माझी अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली. आवाज आला, मला वाटलं कोणी मागून लाथ मारली. वर्षभर मी बसमध्ये सगळ्यांच्या ग्रिप्सची (बारसाठी हाताला बांधायच्या चामडी पट्ट्यांची) पिशवी सांभाळली आणि वेण्या घातल्या. आयडीचं नाव त्यावरून.

तिखटमीठ | १४ सप्टेंबर

बाळा, तुझं मराठी आमच्या निम्म्या सभासदांपेक्षा शुद्ध आहे. आईला नमस्कार सांग.

गव्हाची_खीर | १५ सप्टेंबर

एक कागदोपत्री सूचना, कारण आम्ही त्यात पोळलो. डिव्हिजन १ आणि २ साठी एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची संघटना) पात्रता केंद्रात नोंदणी लागते, आणि शाळेतले सोळा ठरावीक विषय. डिव्हिजन १ ला चार वर्षं इंग्रजी, तीन गणित वगैरे. तिथे त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आधी पूर्ण हवेत. डिव्हिजन १ ला या विषयांची सरासरी निदान २.३. आपल्या पोरांना २.३ म्हटलं की आईबाप हसतात, पण गोम वेगळीच आहे. सरावाला सकाळचा वेळ मिळावा म्हणून आम्ही धाकटीला एका ऑनलाइन शाळेत घातलं. वर्षअखेरीस कळलं, तिथला गणिताचा कोर्स मान्य यादीतच नाही. उन्हाळ्यात तीच बीजगणिताची रड पुन्हा, पुन्हा फी. जिमवाल्यांच्या सांगण्यावरून शाळा बदलण्याआधी ती यादी स्वतः बघा.

आणि 'आम्ही तुमच्या मुलीला कॉलेज मिळवून देतो' म्हणून पैसे घेणारे भेटतील. ते जे ईमेल पाठवतात ते तुमची लेक फुकट पाठवू शकते.

बाराबंदी | १५ सप्टेंबर

एकूण खर्च किती हो? कोणीच आकडा बोलत नाही.

गव्हाची_खीर | १५ सप्टेंबर

आमचा सांगते. जिमची फी महिन्याला साडेचारशे डॉलर. मीटच्या फिया, कोचचा प्रवास, लिओटार्ड, शिवाय जानेवारी ते एप्रिल दर दुसऱ्या शनिवार-रविवारी हॉटेल. दहा वर्षं. नवऱ्याने एकदा बेरीज करायला घेतली होती, मीच लॅपटॉप मिटला. स्कॉलरशिपसाठी करत असाल तर तेच पैसे बँकेत टाका, जास्त मिळतील. आम्ही तिला आवडतं म्हणून केलं, आणि तरीही कधीकधी चिडले.

दादरकर_दोरीवर | १५ सप्टेंबर

आमच्या मल्लखांबाची फी काढली तर जिलबी_मास्तरांच्या एका ताटाइतकी भरेल.

सोनचाफा | १६ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून फ्रिजवर लावलाय, जिलबी_मास्तरांचे प्रतिसाद वगळून. गाडीत विचारलं. वजनाबद्दल कोणी बोलत नाही म्हणाली, पण टाच दोन महिने दुखतेय हे तेव्हा कळलं. मला सांगितलं नव्हतं, कारण 'तू बंद करशील'. शुक्रवारी डॉक्टर.

कोकणकडा | १६ सप्टेंबर

बघा. गाडी.

सोनचाफा | २६ जानेवारी २०२६

धागा वर काढते. अनेकांनी खासगी निरोप पाठवून विचारलं म्हणून खबरबात.

टाच आता ठीक आहे. सहा आठवडे फक्त बार आणि कंडिशनिंग. नाइलाजाने बारचं फॉर्म घासून घेतलं आणि आता बार हेच तिचं सगळ्यात चांगलं उपकरण झालंय. लेव्हल ९ च्या पहिल्या मीटला बारवर ९.५.

नवऱ्याला रटगर्सची घरची मीट बघायला नेलं. जाताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं (दादरकर, तुमची आठवण झाली). पहिल्या रोटेशनला फोन बघत होता. दुसऱ्याला फोन खिशात. तिसऱ्याला त्याने मागच्या पाकिटावर सहा आडव्या रेघा मारून गुण लिहायला घेतले आणि सगळ्यात कमीचा खोडायला लागला. बीमवर एक मुलगी पडली, पुन्हा चढली, उरलेलं रूटीन स्वच्छ केलं, आणि खाली उतरल्यावर अख्खी टीम तिच्या अंगावर. हा उठून उभा! घरी येताना म्हणाला, 'पाच धरतात ना, मग तिची पडलेली गेली. बरी सोय आहे.' रोबोटिक्सचा विषय त्यानंतर निघालेला नाही. एसएटीचा निघतो, आणि वेणी_घट्टच्या प्रतिसादामुळे लेकीकडून विरोधही होत नाही.

मुख्य बातमी: काल रात्री तिने पहिले ईमेल पाठवले. सत्तावीस कॉलेजं, तिन्ही डिव्हिजनमधली. मी आणि नवरा मागे उभे, हात बांधून. प्रवासीसाहेबांच्या किश्शाची धास्ती घेऊन तिने प्रत्येक ईमेलमधलं कॉलेजचं नाव, कोचचं आडनाव तीन-तीनदा तपासलं. एकही चूक नाही! विषयाची ओळ अशी: तिचं नाव, पदवी वर्ष २०२८, लेव्हल ९, क्लब. आत्तापर्यंत चार ठिकाणांहून कॅम्पची माहितीपत्रकं आली आहेत. नवरा त्यात जेवणाचा मेनू शोधतोय.

बाराबंदी | २६ जानेवारी

अभिनंदन! यजमानांना सांगा, पुण्याचा एक मनुष्य त्यांची बाजू सोडून कधीच पळाला.

वेणी_घट्ट | २६ जानेवारी

खूप छान, मावशी! एक शंका. ती आत्ता नववीत आहे ना? मग पदवी २०२९ ला होईल.

सोनचाफा | २६ जानेवारी

अरे देवा.

जिलबी_मास्तर | २६ जानेवारी

सत्तावीस कॉलेजांत अॅडव्हान्स बुकिंग. एक वर्ष आधी हजर!

आडवाटेचा_प्रवासी | २६ जानेवारी

काही बिघडलं नाही. आज रात्री एक ओळीचा दुसरा ईमेल, 'माझं वर्ष चुकलं, २०२९', खाली लिंक पुन्हा. नाव दुसऱ्यांदा डोळ्यांखालून जाईल. फक्त तिलाच लिहू द्या.

सोनचाफा | २६ जानेवारी

लिहितेय. नवरा मागून सांगतोय, 'पाच धरतात, हा खोडून टाक.'